निगेटिव्ह पुन्हा पातळ आली? मीटरच्या आधी कडेची अक्षरं बघा

तीन रोल, छत्तीस फोटो, आणि तिन्ही वेळा तीच रड. उजेडातलं सगळं ठीक, सावलीत मात्र नुसतं डांबर. दहा वर्षं डिजिटल वापरल्यावर गेल्या दिवाळीत मी सेकंडहँड यशिका मॅट १२४जी घेतली. वर दोन डोळ्यांसारख्या दोन काचा, कमरेशी धरून खाली बघायचं, चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, १२० नावाच्या रुंद फिल्मच्या एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. कॅमेरा हाताळायला आठवडाभरात जमला. निगेटिव्ह मात्र मार्चपर्यंत पातळच, म्हणजे नको तितक्या पारदर्शक, येत राहिल्या.

फिल्मकडे नव्याने वळलेल्या बऱ्याच जणांना हा त्रास होतो, आणि तो पुन:पुन्हा होतो, कारण ‘पातळ निगेटिव्ह’ हे एकच लक्षण दोन वेगळ्या आजारांचं असतं. माझ्या बाबतीत पहिल्या आणि तिसऱ्या रोलचा आजार एक होता, दुसऱ्याचा वेगळा. मी तिन्हींना एकच औषध देत बसलो.

सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांचा पेठेत फोटो स्टुडिओ होता, बंद करून आता बरीच वर्षं झाली. तिसऱ्या रोलनंतर शेवटी त्यांच्याकडे गेलो आणि फोनवर स्कॅन दाखवायला लागलो. त्यांनी फोन हातात घेतलाच नाही. “हे कसलं दाखवतोस? निगेटिव्ह आण. ताप बघायचाय तर पेशंट आणशील की त्याचा फोटो?”

स्कॅनवरून निदान करू नका

डिजिटलवाल्याची पहिली चूक हीच. लॅबचा स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा उजेड आपल्या मनाने सारखा करून देतो. दोन स्टॉप कमी पडलेली फ्रेमही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तो ओढूनताणून बऱ्यापैकी उजळ करतो, फक्त सावल्यांत राखाडी चिखल आणि वाळूसारखे दाणे दिसतात. मग आपण म्हणतो, फिल्मला दाणे असतातच. असतात, पण मध्यम फॉरमॅटच्या एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर ते इतके उठून दिसायला नकोत.

निगेटिव्ह बघायची तर फोनचा किंवा टॅबचा पडदा पूर्ण पांढरा करा, उजेड वाढवा, आणि पट्टी त्यापासून बोटभर वर धरा. पडद्याला चिकटवलीत तर पिक्सेल दिसतात. आता फोटोकडे नको, पट्टीच्या कडेला बघा. तिथे फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ही अक्षरं शाईने छापलेली नसतात. कारखान्यातच ठरावीक उजेड देऊन ती फिल्मवर उमटवलेली असतात आणि तुमच्या फोटोंबरोबरच डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, धुतली जातात. तुमच्या मीटरशी, शटरशी, पुण्याच्या पाताळेश्वर लेण्यातल्या अंधाराशी त्यांचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे साक्ष द्यायला त्यांच्याइतकं निष्पक्ष कोणी नाही.

अक्षरं ठसठशीत काळी आहेत आणि फोटो मात्र पातळ आहेत, तर धुलाई बरोबर झाली आहे. उजेड कमी पडला, दोष कॅमेरा धरणाऱ्याकडे. अक्षरंच फिकट, राखाडी आहेत, तर डेव्हलपर, तापमान किंवा वेळ यात गडबड आहे.

दुसरी खूण फोटोच्या आत. सावलीच्या जागी निगेटिव्ह पूर्ण पारदर्शक आहे, दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या पट्टीइतकीच, तर तिथे उजेड पोचलाच नाही. सावलीत थोडे तरी तपशील दिसताहेत पण एकूण चित्र मरगळलेलं आहे, पांढऱ्या कपड्यांच्या जागी दाट काळं यायला हवं तिथे नुसतं राखाडी आहे, तर धुलाई अपुरी. काकांची आणखी एक जुनी चाचणी: निगेटिव्हचा सगळ्यात काळा भाग वर्तमानपत्राच्या मजकुरावर ठेवायचा. अक्षरं कशीबशी वाचता आली पाहिजेत. सहज वाचता आली तर निगेटिव्ह पातळ, अजिबात दिसली नाहीत तर फार दाट.

माझे तिन्ही रोल त्यांनी जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले. पहिला लॅबमधून धुतलेला: अक्षरं काळी, सावल्या कोऱ्या. दुसरा मी घरी धुतलेला: अक्षरंच फिकट. तिसराही घरचा: अक्षरं पहिल्यापेक्षाही काळी, सावल्या तरीही कोऱ्या, आणि आकाश इतकं दाट की पेपरातला मथळासुद्धा दिसेना. “तू दुसऱ्याची शिक्षा तिसऱ्याला दिलीस,” काका म्हणाले. अगदी तसंच झालं होतं. दुसरा रोल मरगळलेला आला म्हणून तिसऱ्याला मी तेरा मिनिटांऐवजी सतरा मिनिटं डेव्हलपरमध्ये ठेवलं होतं.

वेळ वाढवली की सावली भरून येईल ही समजूत बहुतेकांची असते. येत नाही. फिल्मवरच्या चांदीच्या कणाला ठरावीक किमान उजेड मिळाला तरच डेव्हलपर त्याला काळा करू शकतो. ज्या कणाला तेवढा मिळालाच नाही त्याच्यावर काम करायला डेव्हलपरकडे काही नसतं. जास्त वेळ दिल्याने फुगतं ते फक्त आधीच उजेड मिळालेलं, म्हणजे आकाश आणि पांढरे शर्ट.

पहिला रोल: सेलने केलेला घोळ

१२४जीचं अंगचं उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचं. ते सेल आता मिळत नाहीत. मला कॅमेरा विकणाऱ्याने त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घालून दिला होता, काटा हलतो आहे म्हणून मीही खूश. पण व्होल्ट जास्त म्हणजे काटा जास्त उडतो, मीटरला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि ते तुम्हाला कमी एक्स्पोजर सांगतं, म्हणजे फिल्मला कमी उजेड द्यायला. माझ्या कॅमेऱ्यात हा फरक जवळपास एक स्टॉपचा निघाला.

उपाय स्वस्त आहे. कर्णयंत्राच्या दुकानात ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मिळतो, १.४ व्होल्टचा. आकाराने लहान असतो म्हणून भोवती रबरी वायसर घालावा लागतो. वरचा स्टिकर काढला की हवा लागून तो सुरू होतो आणि काही महिन्यांत संपतो, कॅमेरा वापरा अथवा न वापरा. मी एक पाकीट आणून ठेवलं आहे. दुकानदाराने “आजोबांसाठी का?” असं विचारलं. मी हो म्हणालो. कॅमेऱ्याचं वय बघता ते फार खोटंही नव्हतं.

मीटर बरं आहे की नाही हे तपासायला दुसरं यंत्र लागत नाही. स्वच्छ उन्हात अॅपर्चर (काचेतल्या भोकाचा आकडा, तो वाढला की उजेड कमी) १६ आणि शटर फिल्मच्या आयएसओएवढं, म्हणजे तिच्या वेगाच्या आकड्याएवढं, हा जुना नियम पुण्याच्या उन्हाळ्यात चोख चालतो. ४०० ची फिल्म असेल तर १६ वर १/५००. दुपारी गच्चीवर जाऊन उन्हातल्या भिंतीकडे मीटर धरा. मीटर आणि हा नियम यांत एक स्टॉपहून जास्त तफावत असेल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. आमच्या घरी आग्फा क्लिक थ्री होता, तोही १२० चाच रोल खायचा, आणि त्यात मीटर वगैरे भानगडच नव्हती. ऊन की ढग, एवढंच विचारायचा. त्याच्यातले मौंजीचे फोटो माझ्या पहिल्या तीन रोलपेक्षा बरे आहेत.

शटरबद्दल एक गोष्ट. निगेटिव्ह पातळ आली की लोक आधी शटरवर खापर फोडतात. मीही फोडलं, रिपेअरवाल्याकडे कॅमेरा ठेवूनही आलो. पण जुन्या शटरमधलं वंगण घट्ट होतं तेव्हा ते सुस्त होतं, चपळ होत नाही. सुस्त शटर म्हणजे जास्त उजेड, म्हणजे दाट निगेटिव्ह. आपलं दुखणं बरोबर उलटं आहे. खात्री करायचीच असेल तर रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं दार उघडा, काच खिडकीकडे करा, मागून फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि शटर दाबा. १/३० ला आठ फ्रेम उजेड दिसायला हवा, १/६० ला चार. त्याहून वेगवान शटर फोनला मोजता येत नाही, पण मंद वेग बरोबर निघाले तर मी पुढची काळजी सोडून देतो.

दुसरा रोल: जानेवारीतलं पाणी

याला फार वेळ घालवत नाही. जानेवारीत सकाळी साडेसातला, थर्मामीटर न लावता, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी घेऊन मी डेव्हलपर कालवला. इलफर्डच्या आयडी-११ या डेव्हलपरमध्ये त्यांचीच एचपी५ प्लस ही ४०० ची फिल्म एकास एक पाणी घालून धुवायची तर तेरा मिनिटं, पण ती २० अंशांना. पुण्यातलं जानेवारीचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं. एप्रिलमध्ये हेच पाणी तिशी ओलांडतं आणि निगेटिव्ह कोळशासारखी येते. आता मी घमेल्यात पाणी घेऊन सगळ्या बाटल्या त्यात अर्धा तास ठेवतो. हिवाळ्यात त्यात थोडं गरम पाणी, उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ. थर्मामीटर कुठलाही चालेल, फक्त तो दर वेळी एकच असावा.

३५ मिलिमीटरवरून आलेल्यांसाठी एवढंच सांगतो की १२० च्या रिळाला टाकीत सुमारे ५०० मिली द्रावण लागतं. तीनशेने भागत नाही. अर्धी फिल्म कोरडी राहते आणि लांबीभर एक फिकट पट्टा येतो. डेव्हलपर मेला आहे का याचीही शंका असेल तर रोलच्या शेवटचा कोरा तुकडा कापून उजेडात डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत काळा झाला नाही तर बाटली ओतून द्या.

तिसरा रोल: खरा दोषी

मीटरवरचा विश्वास उडाल्यावर मी डिजिटल कॅमेराच मीटर म्हणून वापरायला लागलो. दोघांचं आयएसओ ४०० ठेवायचं, डिजिटलवर एक फोटो काढायचा, पडद्यावर बरा दिसला की तेच आकडे यशिकावर लावायचे. हा उपाय वाईट नाही. वाईट होती ती माझी दहा वर्षांची सवय.

डिजिटल सेन्सरवर उजेड एकदा काठाबाहेर गेला की तो भाग कायमचा पांढरा, तिथून काही परत येत नाही. सावली मात्र नंतर कॉम्प्युटरवर उचलता येते. म्हणून आपण आकाश सांभाळतो आणि सावलीला म्हणतो, तुझं मग बघू. निगेटिव्ह फिल्मचं गणित उलटं. ती जास्तीचा उजेड दोन-तीन स्टॉपपर्यंत कुरकुर न करता पोटात घालते, पण कमी उजेड तिला सहन होत नाही. ‘मग बघू’ म्हणायला तिथे ‘मग’ नसतोच.

फेब्रुवारीच्या शेवटी मी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचे फोटो काढले. हा दरवाजा उत्तरेला तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे दरवाजा कायम सावलीत आणि त्याच्या मागचं आकाश लखलखीत. डिजिटल कॅमेऱ्याने आकाशासकट सगळ्याचा हिशोब करून आकडा दिला. शिवाय त्याच्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरचा आकडा मुद्दाम कमी-जास्त करायचं बटण, उणे दोन-तृतीयांश स्टॉपवर होतं. ते मी कुठल्याशा लग्नात लावलं होतं आणि विसरून गेलो होतो. यशिकावर लावलं अॅपर्चर ११ आणि शटर १/५००. आणि यशिकाच्या काचेवर पिवळा फिल्टर, ढग उठून दिसावेत म्हणून. तो एक स्टॉप उजेड खातो, पण डिजिटल कॅमेऱ्याला ते कसं कळणार? फिल्टर त्याच्या नाही, याच्या डोळ्यावर आहे.

काकांनी कागदावर हिशोब मांडला. सावलीतल्या त्या दरवाजाला ४०० च्या फिल्मवर ८ आणि १/२५० हवं होतं. फिल्टरसाठी एक स्टॉप वाढवून ८ आणि १/१२५. मी दिलं ११ आणि १/५००. तीन स्टॉप कमी. एक आकाशाने खाल्ला, एक त्या विसरलेल्या बटणाने आणि आकडा यशिकाच्या शटरच्या पूर्ण टप्प्यावर बसवण्याने मिळून, एक फिल्टरने. यातला कुठलाही एकटा असता तर एचपी५ ने निभावून नेलं असतं.

मग सावली मोजायची कशी? मी आता असं करतो. डिजिटल कॅमेऱ्याचं मीटरिंग स्पॉटवर, म्हणजे एका छोट्या ठिपक्यापुरतं, ठेवतो, कॉम्पेन्सेशन शून्यावर आहे हे दोनदा बघतो, आणि ज्या सगळ्यात गडद जागेत मला काहीतरी दिसायला हवंच आहे तिथे ठिपका धरतो. दिल्ली दरवाजाच्या लाकडावर, खिळ्यांच्या मधे, आकडा आला ८ आणि १/६०. मीटरला जग नेहमी मध्यम राखाडी करायचं असतं, तसं केलं तर काळं लाकूड राखाडी येईल. म्हणून त्यातून दोन स्टॉप कमी करायचे: ८ आणि १/२५०. फिल्टर लावला असेल तर एक परत द्यायचा. अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी छायाचित्रकारांनी १९३९-४० च्या सुमारास झोन पद्धत, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांच्या पायऱ्या, बांधली, तिच्यात ही जागा तिसऱ्या झोनची. सगळे झोन पाठ करायची गरज नाही. तिसरा कुठे बसवायचा एवढं कळलं की सावलीचं काम होतं.

दोन स्टॉप कमी करण्याचा भागही विसरू नका. मी चौथ्या रोलच्या सुरुवातीला विसरलो. निगेटिव्ह दाट आली, पण फोटो मिळाला. चूक करायचीच असेल तर या बाजूला करा. ज्यांना हे मोजमाप नकोच आहे ते ४०० ची फिल्म मीटरला २०० सांगतात आणि सुखात असतात. रंगीत निगेटिव्हलाही हेच लागू. स्लाइड फिल्मला मात्र नाही. ती डिजिटलसारखीच उजेडाला भिते, तिथे तुमची जुनी सवयच कामाची.

पाताळेश्वरात वेगळंच

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात आत काळा बसाल्ट, खांबांच्या मधे जेमतेम उजेड. तिथे मीटर बरोबर, सावली बरोबर मोजलेली, तरी निगेटिव्ह पातळ येऊ शकते. एक सेकंदाहून लांब एक्स्पोजरमध्ये फिल्म आळसावते, दिलेल्या उजेडाची पूर्ण किंमत करत नाही. एचपी५ साठी इलफर्डचा हिशोब असा की मीटरने सांगितलेल्या सेकंदांचा १.३१ हा घातांक घ्यायचा. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. मीटर चार सेकंद म्हणालं तर सहा द्या, दहा म्हणालं तर वीस. कॅमेरा जोत्यावर ठेवा, केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची तार) लावा, वरून डोकावून बघता येतंच. कमरेच्या उंचीच्या कॅमेऱ्याचा हा एक खरा फायदा.

सावल्या कोऱ्या नसून दुधट, धुरकट असतील तर मात्र ते प्रकरण वेगळं. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या काचेत बुरशी किंवा धुरकटपणा बघा. आणि निगेटिव्हच्या कडेने काळे ओघळ असतील तर ती रोल सैल गुंडाळल्याची किंवा उन्हात भरल्याची खूण, एक्स्पोजरची नाही.

चाचणीचा रोल

इतकं सगळं वाचून एक रोल बारा फोटोंसाठी नाही, तर कॅमेऱ्यासाठी खर्च करा. रोल, धुलाई, स्कॅन मिळून एका फ्रेमला शंभरावर रुपये जातात, जिवावर येतं, मान्य. पण तीन रोल वाया घालवून झाल्यावर मी जो केला तो तुम्ही आधी करा. फिल्म ताजी घ्या, जुन्या बाजारात कॅमेऱ्यासोबत फुकट मिळालेला रोल यासाठी वापरू नका, त्याचा वेग किती उरला आहे कोणालाच माहीत नसतं. फिल्टर काढा. अर्धी ऊन, अर्धी सावली असलेली एक जागा निवडा. सावली मोजून काढलेला आकडा, मग एक स्टॉप जास्त, दोन जास्त, एक कमी, दोन कमी. दुसऱ्या एका जागी पुन्हा तेच. उरलेल्या दोन फ्रेम मनासारख्या. प्रत्येक फ्रेमचा आकडा वहीत लिहा, फोटोबरोबर आकडे जपून ठेवणारी फाइल इथे नाही. २० अंशांना, सांगितलेल्या वेळेत धुवा, आणि कडेची अक्षरं काळी आहेत हे बघूनच फ्रेमकडे वळा. सावलीत तपशील दिसायला लागतात ती पहिली फ्रेम शोधा. माझ्या रोलवर ती ‘एक स्टॉप जास्त’वाली निघाली, म्हणून माझं मीटर आता कायम २०० वर असतं.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा दिल्ली दरवाजाला गेलो. काकांनी पट्टी पडद्यावर धरली, कडेची अक्षरं बघितली, मग एकेक फ्रेम. खिळे मोजता येत होते. नवव्या फ्रेमवर ते थांबले. “ही पातळ का?”

पिवळा फिल्टर. वहीत लिहिलाही होता.